शिक्का ज्याचा, धुणं त्याचं

बसून घ्या सगळ्यांनी. दारात उभ्या असलेल्या बायांनो, पुढे या, सतरंजीवर जागा आहे. लाजू नका. आजची सभा आपलीच आहे.

गावडेभाऊजी, प्रमिलाची लेक संगीता, चाळीतल्या माझ्या बाया, युनियनचे सगळे भाऊ, आणि डॉक्टर आपटे, तुम्ही दवाखाना बंद ठेवून आलात. सगळ्यांना माझा नमस्कार.

मी विमल साळुंखे. प्रमिलाच्या शेजारच्या खोलीत राहते. माईकवर बोलायची मला सवय नाही, असं म्हणणार होते. पण ते खोटं होईल. प्रमिलानं मला गेटवर इतक्या वेळा बोलायला लावलंय की माईकची भीती कधीच गेली. आजची अडचण वेगळी आहे. मी बोलायला लागले की ती माझ्या मागं उभी असायची. अडखळले की पदर ओढायची आणि कानात सांगायची, "पुढे बोल गो." आज मागं कोणी नाही. त्यामुळे थांबले तर जरा सांभाळून घ्या.

घाटकोपरहून, मुलुंडहून, दुसऱ्या कंपन्यांतून जे भाऊ आलेत, त्यांनी प्रमिलाचं नाव ऐकलंय, तिला पाहिलेलं नाही. त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगते.

प्रमिला गावडे. कुडाळकडची. लग्न होऊन चकाल्याच्या या चाळीत आली, त्याच्या पुढच्याच वर्षी मी आले. मी साताऱ्याकडची. तिची मालवणी मला कळायची नाही आणि माझा रस्सा तिला गिळवायचा नाही. पहिलं भांडण नळावर झालं. माझी घागर तिनं सरकवली. मी म्हटलं, हात नको लावू. ती म्हणाली, "मगे तुझी घागर काय देवाची आसा?" आठवडाभर बोललो नाही. मग मला ताप आला, तर हीच पेज घेऊन दारात उभी. म्हणाली, भांडण तुझ्या घागरीशी आहे, तुझ्याशी नाही. अशी ती. देवी वगैरे नव्हती, बाई. कोणी आज तिला देवी करू नका. तोंडाची फटकळ होती. वेसाव्याची कोळीण मासे घेऊन यायची, तिच्याशी एका बांगड्यासाठी अशी वाद घालायची की लोक गॅलरीत येऊन उभे राहायचे. आणि वाद संपला की तिलाच चहा पाजायची.

आता कारखान्याचं सांगते. गावडेभाऊजी आधी परळला गिरणीत बदली कामगार होते. पिंजायचं, कातायचं काम हातात होतं, म्हणून मरोळच्या या कंपनीनं लगेच घेतलं. आमचे हे पण तिथंच. बॉयलरला, भट्टीला गुंडाळतात ना, आगीत जळत नाही असं कापड आणि दोर, ते तिथं बनतं. अ‍ॅसबेस्टॉसचं. खाणीतला दगड असतो तो, पण पिंजला की थेट कापूस. कंपनी परदेशातली. पगार वेळेवर, दिवाळीला मिठाईचा डबा, वर्षाला दोन जोड निळे कपडे, खिशावर कंपनीचा लाल शिक्का विणलेला. आमच्या चाळीत मरोळवाल्यांचा मान होता. मुलीवाले विचारत यायचे, मरोळला लागलेला मुलगा आहे का म्हणून.

आणि ते कपडे धुवायचे आम्ही. हे कामावरून यायचे तेव्हा पापण्यासुद्धा पांढऱ्या असायच्या. पोरं हसायची, म्हणायची, पप्पा म्हातारे होऊन आले. आम्ही पण हसायचो. कपडे आधी झटकायचे, मग भिजवायचे. प्रमिलाला स्वच्छतेचं भारी वेड. तिच्यासारखे निळे कपडे चाळीत कोणाचे निघायचे नाहीत. ती गॅलरीच्या कठड्यावर आपटून आपटून झटकायची. धूळ उडायची, उन्हात चमकायची. आम्हाला ते छान दिसायचं, हो. खरंच छान दिसायचं.

वीस वर्षं, बावीस वर्षं, आम्ही तसेच कपडे झटकत आलो. कंपनी त्यासाठी धुलाई भत्ता द्यायची. त्यातून साबण यायचा, वर थोडं उरायचं. आम्ही खूश.

मग प्रमिलाला दम लागायला लागला. बादली घेऊन दोन पायऱ्या चढली की थांबायची. कठड्याला हात लावून उभी राहायची आणि कोणी बघितलं की उगीच खाली कोणाला तरी हाक मारायची, म्हणजे थांबल्याचं कळू नये. मी म्हटलं, वय झालं तुझं. म्हणाली, "तुझा झाला असात." पुढं पुढं ते चालेना. मी तिला धरून डॉक्टर आपट्यांकडं नेलं.

डॉक्टर, तुम्हाला आठवतंय का, मला माहीत नाही. मला शब्द न् शब्द आठवतो. तुम्ही छातीचा फोटो उजेडात धरलात. विचारलंत, बाई, कुठं काम करता?

ती म्हणाली, "खंय नाय. घरात."

आधी कधी? गिरणीत? खाणीत?

"नाय ओ. घरातच."

मग तुम्ही भाऊजींबद्दल विचारलंत. तिनं कंपनीचं नाव सांगितलं. तुम्ही हातातलं पेन खाली ठेवलंत आणि विचारलंत, त्यांचे कपडे कोण धुतं?

प्रमिला हसली. म्हणाली, "मीच धुतंय. आणखी कोण?"

डॉक्टर हसले नाहीत.

त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. ही धूळ सुईपेक्षा बारीक असते, आत गेली की बाहेर येत नाही. फुप्फुस हळूहळू कडक होतं. वर्षानुवर्षं काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा मागं वळवता येत नाही. प्रमिला ऐकत होती. रडली नाही. तिनं एकच विचारलं, "ह्या कंपनीक ठाऊक आसा?"

डॉक्टर म्हणाले, जगाला ठाऊक आहे. ज्या देशातली ही कंपनी आहे, तिथं कामगार कारखान्याचे कपडे घरी नेत नाही. त्याला दोन कपाटं देतात, एक घरच्या कपड्यांना, एक कामाच्या. काम सुटलं की आंघोळ, मग घरचे कपडे. कामाचे कपडे कंपनी धुते.

"आणि हयसर?"

इथं कोणी तशी सक्ती केलेली नाही, डॉक्टर म्हणाले.

बसस्टॉपवर आलो. बस आली, आम्ही चढलो नाही. दुसरी आली, तीही सोडली. मग ती म्हणाली, "विमल, तेंच्या बायकांची फुप्फुसां सोन्याची आसत काय गो?"

तिसरी बस आली, तेव्हा मी तिला हाताला धरून चढवलं.

त्या दिवशी घरी जाऊन तिनं भाऊजींना सांगितलं. भिंत पातळ, मला सगळं ऐकू येत होतं. भाऊजी, मी हे सांगितलं तर चालेल ना? ... मान हलवतायत. सांगते. भाऊजी म्हणाले, प्रमिला, तू गप्प बस. गिरण्यांच्या संपाचं काय झालं बघितलंस ना? माझ्या बरोबरीचे लोक आज वडापाव विकतायत, कोणी गावाला जाऊन बसलेत. कंपनीनं उद्या टाळं ठोकलं तर खायचं काय? ते चूक बोलत होते का? नव्हते. त्या वर्षात आपण सगळेच तसं बोलत होतो. घराघरांत तीच भीती होती.

प्रमिला म्हणाली, "मी काम बंद करा म्हणून सांगतंय? मी म्हणतंय, कपडे धुवा. इतक्याच."

दुसऱ्या दिवसापासून भाऊजी गेटबाहेर पडताना शर्ट काढून पिशवीत भरून आणायला लागले. बनियनवर चालत यायचे. लोक बघायचे. त्यांनी एका शब्दानं कधी सांगितलं नाही का ते. पण प्रमिलाला कळलं, आणि मलाही.

मग ती युनियनच्या सभेला गेली. बायका तोपर्यंत त्या सभेला जात नव्हत्या. शिंदेभाऊ इथं बसलेत, आपले सेक्रेटरी. त्यांनी तिला खुर्ची दिली. महागाई भत्त्याचं चाललं होतं. प्रमिला उठली आणि म्हणाली, तुमच्या मागण्यांत एक आमची घाला. सगळे वळून बघायला लागले. आमची म्हणजे कोणाची, वहिनी? "धुणाऱ्यांची," ती म्हणाली. काही जण हसले. शिंदेभाऊ हसले नाहीत. ते म्हणाले, वहिनी, नीट सांगा. आणि तिनं नीट सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं, दम घेत घेत. हळूहळू हसणारे खाली बघायला लागले. कारण प्रत्येकाच्या घरात कोणीतरी खोकत होतं.

युनियननं मागणी घातली. आणि कंपनीनं काय केलं? धुलाई भत्ता वाढवून दिला. वर साबणाच्या वड्या.

खोटं कशाला बोलू, पुरुषांना ते बरं वाटलं. आमच्या ह्यांनाही. हे म्हणाले, विमल, लढून मिळालं की. प्रमिला तशीच आमच्या दारात आली. साबणाच्या वड्या आमच्या उंबऱ्यावर ठेवल्या. म्हणाली, "माका भत्तो नको. माझ्या दमाचो भाव करतत ते." ह्यांनी वड्या उचलून कपाटावर ठेवल्या. आमच्या घरात त्यातली एकही वापरली गेली नाही.

मग तिनं नळावर आम्हा सगळ्यांना गोळा केलं. म्हणाली, सोमवारपासून कंपनीचं धुणं बंद. घरचं धुवा, पोरांचं धुवा, निळं धुवायचं नाही. एकीनं विचारलं, मग ते करायचं काय? घरात ठेवलं तर धूळ घरातच राहणार. प्रमिला म्हणाली, ज्याचं आहे त्याला नेऊन देऊ. डॉक्टरांनी बजावलं होतं, सुके कपडे हलवू नका, पाण्यात बुडवून मगच उचला. तसंच केलं. सोमवारी सकाळी आम्ही चकाल्याहून मरोळला निघालो, प्रत्येकीच्या डोक्यावर बादली. प्रमिलाला बादली उचलवत नव्हती. तिची मी घेतली. ती पुढं चालली, रिकाम्या हातानं, थांबत थांबत. आम्हीही तिच्या चालीनं चाललो. एवढा हळू मोर्चा अंधेरीत कोणी पाहिला नसेल.

गेटवर बादल्या ओळीनं मांडल्या. पर्सनल ऑफिसर धावत आले. बाई, हा काय प्रकार आहे?

प्रमिलानं बादलीतून एक शर्ट काढला, ओलाच, आणि खिसा त्यांच्यासमोर धरला. "ह्यो शिक्को कोणाचो?"

ते म्हणाले, कंपनीचा.

"मगे धुवचो कोणी?"

तिथंच कोणीतरी बाई ओरडली, शिक्का ज्याचा, धुणं त्याचं! आणि ती घोषणा झाली. जी ओरडली ती बाई कोण ते आजपर्यंत कळलेलं नाही. जी ती म्हणते मी नाही. मला वाटतं, मीच असेन.

पोलीस चौकीतून हवालदार आला. बादल्यांत वाकून बघितलं. ऑफिसरना म्हणाला, साहेब, कलम काय लावू? धुणं आणलंय बायकांनी. आणि निघून गेला. आम्ही हसलो. गेटवर पहिल्यांदा हसलो त्या दिवशी.

हसून काही होत नाही, हे पण लगेच कळलं. बादल्या तशाच राहिल्या. संध्याकाळी आम्हीच परत आणल्या, कारण बादल्या आमच्या होत्या आणि घरात दुसऱ्या नव्हत्या. पुढच्या सोमवारी पुन्हा नेल्या. आत मशीनवर कामगारांना दमदाटी सुरू झाली. कोणाच्या बायका गेटवर येतात ते बघून ठेवलं जातंय, असं सांगितलं गेलं. भाऊजींची बदली सगळ्यात धुळीच्या खात्यात केली. घरी येऊन भाऊजी म्हणाले, केली बदली. प्रमिला म्हणाली, मी थांबू का? खरं विचारत होती ती. भाऊजी म्हणाले, आता कशाला थांबतेस, आता तर जा.

ह्या माणसाला बघा. हे समोर बसलेत. प्रमिलाचं कौतुक करताना ह्यांना विसरू नका.

मग तो दिवस आला. कारखान्यात नवी मशीन बसवली होती, तिचं उद्घाटन, आणि परदेशातून मोठे साहेब येणार. गेटवर आंब्याची तोरणं लावलेली. भोपाळ झाल्यानंतर कंपनीनं सुरक्षेच्या मोठमोठ्या पाट्या लावल्या होत्या, त्याही त्या दिवशी पुसून लख्ख केलेल्या. वॉचमन आमच्या बादल्या ओढून बाजूला करत होते, तेवढ्यात गाडी आली. बादल्या वाटेत. गाडी थांबली. साहेब खाली उतरले. उंच, म्हातारे, घामानं भिजलेले. त्यांनी बादल्यांकडं बघितलं, मग आमच्याकडं. मॅनेजर घाईघाईनं इंग्रजीत काहीतरी सांगत होते. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि प्रमिलाकडं बघितलं. का तिच्याचकडं, माहीत नाही. ती सगळ्यांत पुढं उभी होती आणि तिचा श्वास दिसत होता. ऐकू येण्याआधी दिसायचा तिचा श्वास, खांद्यांवर.

प्रमिला मॅनेजरना म्हणाली, साहेबांना विचारा. त्यांच्या देशात ह्याच कंपनीचा जो कारखाना आहे, तिथला कामगार असे कपडे घरी नेतो का? बायकोकडून धुवून घेतो का?

मॅनेजरनी विचारलं. मला वाटतं, वळवून विचारलं असेल. पण साहेबांनी पुन्हा विचारायला लावलं. नीट ऐकलं. एक शर्ट बघितला, त्याला हात लावला नाही. आणि ते म्हणाले, "नो."

एवढंच. नो.

मग मॅनेजर आमच्याकडं वळले आणि बोलायला लागले. साहेब म्हणतायत की प्रत्येक देशाची परिस्थिती वेगळी असते, हवामान वेगळं असतं, कंपनी इथल्या सगळ्या कायद्यांचं पालन करते, तुमच्या भावना साहेबांनी समजून घेतल्या...

प्रमिलानं त्यांना मध्येच थांबवलं. "सायब एकच शब्द बोललो. तुमी इतक्या खंयसून काढलात?"

आत उभे असलेले कामगारसुद्धा हसले. फाटकाच्या आतून, मशीन थांबवून आलेले. मॅनेजरचा चेहरा लाल झाला. आणि त्या म्हाताऱ्या साहेबांनी विचारलं, ह्या काय म्हणाल्या? ते त्यांना कोणी सांगितलं नाही. पण त्यांना कळलं असावं. ते गाडीत बसले नाहीत. बादल्यांच्या मधून चालत आत गेले.

त्या दिवशी सगळं जिंकलो असं नाही. पण शिंदेभाऊंना वाटाघाटीत धरायला एक शब्द मिळाला. तुमचेच साहेब गेटवर म्हणाले, तिथं असं चालत नाही, मग इथं का चालतं? कंपनी म्हणाली, इथला कायदा तसं सांगत नाही. तेव्हा डॉक्टर आणि युनियनचे वकील एक बातमी घेऊन आले. जिनिव्हाला जगातल्या देशांची सरकारं, मालक आणि कामगार एकत्र बसतात, त्यांनी ह्याच धुळीबद्दल करार केलाय. त्यात लिहिलंय की कामाचे कपडे कामगारानं घरी न्यायचे नाहीत, ते स्वच्छ करायची जबाबदारी मालकाची.

वकिलांनी हे वाचून दाखवलं तेव्हा प्रमिला इथंच बसली होती, ह्या सभागृहात, त्या खिडकीखाली. तिनं पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाली, "म्हंजे आमी येड्या नव्हतो."

किती साधं बोलली. पण मला अजून आठवलं की भरून येतं. आम्ही चकाल्याच्या नळावर जे बोलत होतो, तेच कुठंतरी दूर, बर्फाच्या देशात, मोठ्या माणसांनी बसून लिहिलं होतं. आम्हाला ते माहीत नव्हतं आणि त्यांना आम्ही माहीत नव्हतो.

वकील प्रामाणिक माणूस. त्यांनी लगेच सांगितलं, आपल्या देशानं हा करार अजून स्वीकारलेला नाही. बाया खचल्या. प्रमिला म्हणाली, "नाय तर नाय. धूळ काय सही बघून नाकात जाता?"

वाटाघाटी चालू राहिल्या. सोमवार चालू राहिले. पावसात गेलो, गणपतीत गेलो. गौरी जेवल्या आणि दुसऱ्या सोमवारी बादल्या घेऊन पुन्हा गेटवर. प्रमिलाला चालवेना, तेव्हा चाळीतल्या बाया तिला रिक्षात बसवायच्या आणि रिक्षा आमच्या चालीनं चालायची. रिक्षावाला कुरकुरला पहिल्यांदा. नंतर तोच सोमवारी सकाळी खाली येऊन भोंगा वाजवायचा.

आणि ह्याच काळात कंपनीनं तिला एकटीला बोलावलं. हे फार लोकांना माहीत नाही. मी बरोबर होते, म्हणून सांगते. पर्सनल ऑफिसर चांगले बोलले. म्हणाले, गावडेबाई, माणुसकी म्हणून कंपनी तुमच्यावर चांगल्या इस्पितळात उपचार करेल. सगळा खर्च आमचा. फक्त गेटवरचं हे थांबवा. हे बघा, तुम्ही कंपनीच्या कामगार नाही, कायद्यानं तुम्हाला काही देणं लागत नाही, तरी आम्ही देतोय.

प्रमिलाला तेव्हा वाक्य पुरं करायला दोनदा थांबावं लागायचं. एका चांगल्या इस्पितळाची तिच्याइतकी गरज कोणाला होती? मी मनात म्हटलं, घे बाई. घे. मी तिचा हातही दाबला.

ती म्हणाली, "माका एकटीक नको. धुणा सगळ्यांनी केल्यानी. फोटो सगळ्या बायकांचे काढा. मगे माझो पण काढा."

ऑफिसर म्हणाले, विचार करा. ती म्हणाली, केला. आणि उठली. दारापर्यंत गेली आणि तिथं थांबून श्वास घेतला. मी म्हटलं, बस जरा. म्हणाली, "हय नको. भायेर जावन बसूया."

शेवटी कंपनी आणि युनियनचा करार झाला. मरोळच्या त्या कारखान्यात आज दोन-दोन कपाटं आहेत, न्हाणीघर आहे, गरम पाणी आहे, आणि कपडे धुवायचं वेगळं खातं आहे, ज्यातली धूळ पाण्याबरोबर खाली जाते. झाडू मारणारे ठेकेदाराचे लोक सुरुवातीला त्यात नव्हते. कंपनी म्हणाली, ते आमचे नव्हेत. प्रमिला अडून बसली, धूळ तर तुमची. त्यांनाही कपडे मिळाले. आणि बायकांच्या छातीचे फोटो काढायचं कंपनीनं मान्य केलं. सगळ्या बायकांच्या.

जे मिळालं नाही तेही सांगते, नाहीतर ती मला वर गेल्यावर सोडणार नाही. प्रमिलाचा आजार कारखान्याच्या धुळीनं झाला, हे कंपनीनं कबूल केलेलं नाही. कधीच नाही. कायद्याच्या लेखी ती कामगार नव्हती. हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. तिची केस आता युनियन लढवणार आहे, भाऊजींनी सही केली आहे. आणि फोटो निघाले, त्यात काही बायकांच्या छातीत डाग सापडले. माझ्याही. मी घाबरवायला सांगत नाही. डॉक्टर बघतायत, मी हिंडते-फिरते आहे, आत्ता तुमच्यासमोर एवढं बोलले. पण प्रमिला अडून बसली नसती तर मला कळलंही नसतं. वेळेवर कळणं हे काय असतं, ते तिला विचारा, असं म्हणणार होते.

थांबा जरा.

शेवटचे महिने तिला पलंगावरून उठवत नव्हतं. भाऊजी कामावरून यायचे, स्वच्छ, आंघोळ केलेले, घरच्या कपड्यांत. आणि तिच्या साड्या घेऊन नळावर बसायचे. गड्यामाणसाला नळावर धुताना आमच्या चाळीत कोणी पाहिलं नव्हतं. पोरं खिदळली. भाऊजींना साडी पिळता येईना, एक टोक इकडं, एक तिकडं. मी म्हटलं, भाऊजी, मी धुते. म्हणाले, नको वहिनी, तिनं माझे इतकी वर्षं धुतले. खिडकीतून प्रमिला बघत होती. आतून ओरडली, ओरडली म्हणजे जेवढं तिला जमत होतं तेवढं, "नीळ जास्त घालू नको!"

वेसाव्याची कोळीण शेवटपर्यंत येत राहिली. पलंगाशी बसून टोपली उघडायची. प्रमिला बोटानं बांगडा दाबून बघायची आणि म्हणायची, शिळा आहे. कोळीण मुद्दाम भांडायची. तिला माहीत होतं, भांडली नाही तर प्रमिलाला वाईट वाटेल.

गेली त्या सकाळी मी तिच्याजवळ होते. तिनं कोणाला काही सांगितलं नाही. कोणाचा हात धरून काही वचन मागितलं नाही. तिला फक्त खिडकी उघडी हवी होती. मी उघडली. भाऊजी तिच्या पाठीला टेकण लावून बसले होते. ती भाऊजींकडं बघत होती, आणि मग बघत नव्हती.

मायबहिणींनो, भावांनो, आता सभा संपवायची आहे. अशा वेळी दोन मिनिटं उभं राहायची पद्धत असते. पण ह्या सभागृहात अशी कितीतरी माणसं आहेत ज्यांना उभं राहिलं की दम लागतो. तुम्ही बसून राहा. प्रमिला तुम्हाला काही म्हणणार नाही, तुम्हाला बसता यावं म्हणूनच ती उभी राहिली होती.

बाकीच्यांनी उठा. ज्यांची छाती अजून साफ आहे, त्यांनी डोळे मिटा आणि एक खोल श्वास घ्या. पूर्ण, पोटापर्यंत. घाई करू नका. तिला जमत नव्हता तसा घ्या.

प्रमिला, आमचा सगळ्यांचा तुला नमस्कार गं.